धाकट्या साडूचं मनगट

आमच्या सासऱ्यांनी जावई शोधायला कधी जोडे झिजवले नाहीत. ते लष्कराच्या शस्त्रचाचणी केंद्राच्या फाटकावर पहारेकरी होते. सकाळी आत येणाऱ्यांची ओळखपत्रं बघायची, संध्याकाळी बाहेर जाणाऱ्यांचे डबे उघडून बघायचे. त्यातच त्यांनी तिन्ही मुलींची लग्नं उरकली. डबा उघडून दाखवताना जो कुरकुर करत नाही तो माणूस सरळ, एवढीच त्यांची परीक्षा. त्यामुळे आम्ही तीन साडू एकाच फाटकातून कामाला जातो. थोरला पिस्तूल चालवून बघायचा, मी पिस्तूल दुरुस्त करतो आणि धाकटा भांडारात कारकून आहे.

थोरल्याला सगळे पक्कड म्हणतात. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं तर तो स्वतःच मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून. दिसायला बुटका, पण पंजे असे रुंद की लग्नातली अंगठी त्याच्या करंगळीतसुद्धा शिरत नाही. त्याच्या हातात पिस्तूल गेलं की ते टेबलाला बोल्टने आवळल्यासारखं स्थिर होतं. शेजारच्या बायका घट्ट बसलेले नळ आणि न उघडणाऱ्या बरण्या घेऊन त्याच्या दारात येतात. लगेच उघडून देईल तर तो पक्कड कसला. आधी रुमाल काढणार, दोन्ही हात सावकाश पुसणार, चार माणसं बघताहेत याची खात्री करून घेणार आणि मग झाकण फिरवणार. धाकट्याच्या लग्नात त्याने नव्या जावयाचा हात असा दाबला की बिचारा फोटो संपेपर्यंत हात खिशात घालून उभा होता.

चाचणीच्या मैदानावर पक्कडचा एक वेगळाच मान होता, आणि तो काय होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चाचणीत गोळी अडकली की चालवणाऱ्याने पिस्तुलाची नळी समोरच ठेवायची आणि डावा हात वर करायचा. मग मी जायचं, काय अडकलंय ते बघायचं, मोकळं करायचं आणि मागच्या फळ्यावर खूण करायची. फळ्यावर तीन रकाने असतात: काडतूस, पिस्तूल, हात. कधी काडतूसच वाईट निघतं, कधी पिस्तुलात खोट असते आणि कधी चालवणाऱ्याने ते धड धरलेलं नसतं. 'हात' या रकान्यात आमच्या सगळ्यांच्या खुणा पडल्या आहेत, माझ्याही. पक्कडची एकही नाही. त्याच्या हातात अडकलं तर दोष पिस्तुलाचा, काडतूस तपासायचीही गरज नाही, असं ठरूनच गेलं होतं. कुणी हा नियम कागदावर लिहिला नव्हता, पण नवा अधिकारी आला की आठवड्याभरात त्याला तो पाठ व्हायचा. पक्कड मैदानावर चालायचा तो हा नियम अंगावर घालूनच.

माझं काय म्हणाल, तर माझा हात मध्यम. मध्यम हाताला कुणी विचारत नाही. तेव्हा पक्कडबद्दल मी जे सांगतोय त्यात थोडा जळका वास येईल, तो येऊ द्या.

सैन्यातलं जुनं पिस्तूल आमच्या सासऱ्यांच्या नोकरीपेक्षा जुनं. जड, लोखंडी, आणि आता त्याचे भाग झिजून झिजून असे झाले होते की मी एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावत होतो. शेवटी सगळ्या सैन्यासाठी नवं पिस्तूल घ्यायचं ठरलं. खूप कंपन्या आल्या, गेल्या आणि शेवटच्या फेरीत दोन पिस्तुलं उरली. एक काळं, जड अंगाचं. दुसरं राखाडी, हलकं, प्लास्टिकच्या सांगाड्याचं. दोन्ही कंपन्यांची माणसं दोरीच्या पलीकडे उभी राहायची आणि दर गोळीला अंग चोरायची. निवड समितीच्या प्रमुख एक बाई होत्या, सैन्यातल्याच. आवाज कधी चढवायच्या नाहीत. चहा उभ्यानेच घ्यायच्या आणि निम्मा विसरायच्या.

पहिले काही आठवडे पक्कडचं राज्य होतं. पिस्तुलं धुळीच्या पेटीत घातली, चिखलात बुडवली, भट्टीत तापवली, बर्फात ठेवली आणि दर वेळी पक्कडच्या हातात दिली. काळं धुळीत घुसमटायचं. बारीक धूळ गोळ्या भरायच्या मॅगझिनमध्ये शिरली की आतली स्प्रिंग अडून बसायची आणि पुढची गोळी वर यायचीच नाही. राखाडीला मात्र धुळीचं काही वाटत नव्हतं. पक्कड जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता निकाल देऊन मोकळा व्हायचा.

"राखाडी घ्या. विषय संपला. बाकी ही मंडळी नुसता वेळ काढताहेत."

आणि मग एका सकाळी प्रमुख बाई म्हणाल्या, "इथे पिस्तूल चालवणारे सगळे मुरलेले आहेत. सैन्यात सगळे असे नसतात. स्वयंपाकी असतो, ड्रायव्हर असतो, नर्स असते. जखमी झालेला असतो, दोन दिवस न झोपलेला असतो. मला ज्यांना धड धरता येत नाही असे हात पाहिजेत."

ऑफिसातून एक टायपिस्ट आली, दवाखान्यातली नर्स आली आणि भांडारातून आमचा धाकटा आला.

धाकटा लहानपणी भिंतीवरून पडला होता. उजवं मनगट मोडलं आणि ते वाकडंच जुळलं. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलतो. भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालतो, मनगटाचं हाड दिसू नये म्हणून. स्वभावाने असा गरीब की रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर हाच आधी सॉरी म्हणतो. त्याने राखाडी पिस्तूल उचललं, दुसऱ्याच गोळीला ते अडकलं. त्याने डावा हात वर केला आणि मी पोहोचायच्या आत माफी मागायला सुरुवात केली.

"माझं चुकलं, मॅडम. मला येत नाही हे."

प्रमुख बाई कप घेऊन तिथपर्यंत चालत आल्या. म्हणाल्या, "काही चुकलं नाही. पुन्हा करा. अगदी असंच."

पुन्हा अडकलं. त्यात गूढ काही नव्हतं. गोळी सुटली की पिस्तुलाची वरची स्लाइड मागे जाते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकते. पण त्यासाठी खालचा सांगाडा एका जागी घट्ट राहावा लागतो. मनगट ढिलं पडलं की अख्खं पिस्तूलच मागे येतं, स्लाइड अर्ध्या वाटेवरून परत फिरते आणि पुंगळी बाहेर पडायच्या दारातच अडकून उभी राहते. काळं पिस्तूल मुळात जड, टायपिस्ट आणि नर्सच्या हातातही ते स्वतःच्या वजनानेच जागेवर राहायचं. हलक्या राखाडीला धाकट्याचं मनगट पुरत नव्हतं, आणि धाकट्याच्या वाट्याला ते राखाडीच आलं होतं. आता खरी चुरस लागली.

आणि धाकट्याचं नशीब फळफळलं. त्याच्यासाठी खुर्ची आली. डोक्यावर सावलीला कापड आलं. त्याच्या मनगटावर कॅमेरा लावला गेला. डॉक्टर येऊन टेपने मनगटाचं माप घेऊन गेले, हाताचा फोटो काढून गेले. राखाडीच्या कंपनीचा एक किडकिडीत इंजिनिअर तर त्याच्या मागे मागे फिरायचा, आज हात दुखतोय का, काल बादली तर उचलली नाही ना, झोप लागली का. प्रमुख बाईंनी एकदा हसत सांगितलं, "घरी मालिशबिलिश करू नका हं. एवढ्यात बरा व्हायला नको तो."

पक्कड हे सगळं बघत होता. त्याच्या पिस्तुलाला काहीच होत नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. तो मॅगझिन रिकामं करायचा, पिस्तूल ठेवायचा, आणि टाळी वाजवायलाही कुणी नसायचं. मी शेजारच्या टेबलावर पिस्तूल पुसत असायचो, म्हणून सगळी वाफ माझ्यावर.

"आयुष्य घातलं इथे मी. बाई कधी म्हणाल्या का, बसा म्हणून?"

"तुला बसायचंय का?"

"बसायचं नाहीये रे. म्हणायला काय जातं?"

घरी तर आणखीच. तिन्ही बहिणी रोज फोनवर बोलतात, त्यामुळे मैदानावरची खुर्ची आमच्या आधी घरी पोहोचायची. धाकटीने सांगितलं असणार, ह्यांच्या मनगटाचा फोटो मोठ्या साहेबांकडे गेलाय म्हणून. पक्कडची बायको जेवण वाढता वाढता सहज म्हणाली, "तुमच्या हाताचं कधी कुणी माप घेतलं नाही, नाही का?" पक्कडच्या अंगाचा तिळपापड झाला. माझी बायको माझ्याबद्दल तेवढंसुद्धा म्हणाली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, जेवणानंतरच्या फेरीत, पक्कडने राखाडी पिस्तूल चालवता चालवता डावा हात वर केला.

मी गेलो तर पुंगळी दारात उभी. मी पक्कडकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे मागच्या सावलीकडे, जिथे प्रमुख बाई उभ्या होत्या तिकडे लागले होते. बाईंनी कप खाली ठेवला आणि भराभर चालत आल्या.

"पक्कडच्या हातात?"

"हो मॅडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "अडकलं खरं."

मी नियमाप्रमाणे 'पिस्तूल' या रकान्यात खूण केली. पुंगळी धाकट्याच्या हातात उभी राहायची अगदी तशीच होती, पण नियम असला की माणूस पुढचा विचार करत नाही, मीही केला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकलं, तिसऱ्या दिवशीही. पक्कडला खुर्ची आली, कॅमेरा आला. बाईंनी त्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि त्याने कपाळाला आठ्या घालून, विचार करून, "पिस्तुलातच काहीतरी आहे," असं सांगितलं. त्या दिवसांत तो घरी जाताना शीळ घालायचा.

राखाडीवाल्यांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. ढिल्या मनगटामुळे अडकत असेल तर त्याला उपाय आहे, स्लाइडला पुढे ढकलणारी नळीखालची स्प्रिंग हलकी करता येते. पण मैदानातल्या सगळ्यात घट्ट हातात अडकतंय म्हणजे काय समजायचं? तो किडकिडीत इंजिनिअर पिस्तूल सुटं करून एकेक भाग मोजायचा, जोडायचा, पुन्हा सुटं करायचा. त्याचे ओठ सुकून फुटले होते. शुक्रवारी प्रमुख बाईंनी सांगितलं, "ज्याच्या बिघाडाचं कारण सापडत नाही, ते पिस्तूल मी कुणाच्या कमरेला लावणार नाही. सोमवारपर्यंत बघा. नाही सापडलं तर राखाडी बाद."

"म्हणजे आता ते धुळीत मरणारं काळं घेणार," मी पक्कडला म्हणालो. "उद्या कुणीतरी धुळीत उभा असेल, चाप ओढेल आणि काही होणार नाही."

त्या दिवशी पक्कडने शीळ घातली नाही आणि डबाही अर्धा परत नेला.

रविवारी आम्ही तिघं सासरी जेवायला होतो. सासऱ्यांनी धाकट्याला आपल्या शेजारी बसवलं आणि मनगट दाखव म्हणाले. पक्कडने तोंड फिरवलं. जेवणं झाल्यावर बायका आत गप्पा मारत बसल्या आणि आम्ही तीन साडू मागच्या पायऱ्यांवर आलो. धाकटा बराच वेळ बाहीचं बटण लावत होता. मग एकदम म्हणाला, "दादा, तुम्ही मनगट मुद्दाम सोडता ना?"

पक्कड म्हणाला, "काय बडबडतोस?"

"मॅडमनी मला दोघांचंही चित्रीकरण दाखवलं. माझी बोटं पांढरी पडलेली असतात. तुमची गुलाबी होती."

"बाईंना कळलं?"

"नाही. त्या स्लाइडकडे बघत होत्या. मी लोकांच्या बोटांकडेच बघत आलोय लहानपणापासून."

मी दोघांच्या मधल्या पायरीवर बसलो होतो. कुठे बघावं कळेना, म्हणून चपलेकडे बघितलं. फळ्यावरच्या त्या तिन्ही खुणा मीच केल्या होत्या.

धाकटा म्हणाला, "सगळ्यांना वाटतं मी ढिलं धरतो. मी ढिलं धरत नाही, दादा. मी जीव तोडून धरतो. दात दुखतात माझे, इतकं धरतो. तरी अडकतं. लोक पळत येतात, खुर्ची देतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुमच्यासारखं एकदा, एकदाच, सगळ्या गोळ्या गेल्या असत्या तर ती खुर्ची मी डोक्यावर घेऊन परत दिली असती. आणि तुम्ही ते मजेत सोडून देता."

पक्कडचा चेहरा लाल झाला होता. धाकटा उठला आणि शर्ट झटकत म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. काळजी करू नका."

हे मात्र पक्कडला सोसलं नाही. "तू कोण रे मला सांभाळून घेणारा?" तो ओरडला. आतल्या गप्पा थांबल्या. धाकटा खाली मान घालून घरात गेला.

सोमवारी सकाळी सगळे जमल्यावर पक्कड फळ्यापाशी जाऊन उभा राहिला. रात्री झोपलेला दिसत नव्हता. जे गमावायचं होतं ते त्याला पुरतं ठाऊक होतं. गप्प बसला असता तर राखाडी गेलं असतं आणि त्याचा मान राहिला असता. मी मनात म्हणत होतो, बोल, आणि त्याच वेळी, नको बोलूस.

"मॅडम, त्या तीन खुणा खोट्या आहेत. मी मनगट मुद्दाम सोडलं होतं."

"का?" बाईंनी विचारलं.

"हेवा वाटला."

"कशाचा?"

"ह्याच्या मनगटाचा," असं म्हणून त्याने धाकट्याकडे हनुवटी केली.

दोरीपलीकडून कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. किडकिडीत इंजिनिअर जमिनीवरच बसला. बाईंनी मला खूण केली आणि मी फडक्याने त्या तीन रेघा पुसून 'हात' या रकान्यात काढल्या. पक्कड बघत होता. खरं सांगायचं तर माझ्या आत कुठेतरी एक गार झुळूक आली. आता तो आमच्यातला झाला होता.

"तुमचा हात मला आता वापरता येणार नाही," बाई म्हणाल्या.

पक्कड म्हणाला, "मग मला ढिल्या हातांच्या रांगेत घाला. ढिलं धरायला येतं मला."

"नाही. ढिला हात खरा लागतो. तुमचा आता दोन्हीकडे चालत नाही."

त्या दिवसापासून पक्कड मॅगझिन भरायला बसला. पत्र्याखाली बाकावर, मांडीवर ट्रे घेऊन, एकेक गोळी अंगठ्याने दाबत. मॅगझिन भरायलाही बोटांत जोर लागतो आणि त्याची मॅगझिनं सगळ्यांत आधी भरून व्हायची, पण त्याचं कौतुक करायला मैदानावर कुणाला वेळ नव्हता. धाकट्यासाठीही तोच भरून द्यायचा.

कारण आता ठाऊक होतं, त्यामुळे राखाडीवाल्यांनी नळीखालची स्प्रिंग बदलली. एक हलकी करून पाहिली, ती फारच हलकी झाली. दुसरी केली. तिसरी बसवली त्या दिवशी धाकट्याला पुन्हा उभं केलं. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. दोरीपलीकडची माणसं मान पुढे काढून बघत होती. तिसरी, चौथी. धाकट्याचा जबडा आवळलेला, बोटं पांढरीफटक. तो चाप ओढत राहिला, गोळ्या जात राहिल्या, आणि मग स्लाइड मागे जाऊन मागेच राहिली.

धाकट्याचा चेहरा पडला. त्याने डावा हात वर केला.

मी गेलो. काहीही अडकलं नव्हतं. मॅगझिन रिकामं झालं की स्लाइड मागेच उघडी राहते, हे आमच्या इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. पण धाकट्याच्या हातात राखाडी कधी शेवटच्या गोळीपर्यंत पोहोचलंच नव्हतं. त्याला ते दिसायला कसं असतं तेच ठाऊक नव्हतं.

"अडकलं नाही रे," मी म्हणालो. "संपल्या. सगळ्या गेल्या."

त्याने पिस्तुलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत राहिला. तोवर बाई, इंजिनिअर, कॅमेरावाला सगळे आले, त्याच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं आणि ते मधे ठेवून पिस्तुलाभोवतीच जमले. धाकटा बाजूला एकटाच उभा राहिला आणि तिथेही हसत होता. खुर्ची कुणीतरी उचलून नेली, ते त्याने बघितलंही नाही.

पुढे राखाडीच घेतलं गेलं. धाकटा भांडारात परत गेला, मोजमाप करायला डॉक्टर पुन्हा आले नाहीत. पक्कड अजून मॅगझिन भरतो. बरण्या उघडायला बायका येतात त्याच्याकडे, पण हल्ली तो रुमाल काढत नाही. पटकन उघडतो आणि देऊन टाकतो.

धाकटा हसला त्या दिवशी संध्याकाळी मात्र मी आणि पक्कड फाटकाकडे चालत निघालो होतो.

"किती पिस्तुलं रिकामी केली असतील मी," तो म्हणाला. "मोजदाद नाही. एकदाही तसं हसू आलं नाही मला. साधं बरंसुद्धा वाटलं नाही. काय हसला रे तो."

"अजून हेवा वाटतो?"

"वाटतो ना. आधीपेक्षा जास्त वाटतो. आणि आता ह्याचं काय करू, ते तू मला सांग."

मी काय सांगणार? मला तर दोघांचाही वाटत होता.